तिखट चीज डिपसाठी सोडियम सायट्रेट : एक सविस्तर परीक्षण

तिखट चीज डिप गॅसवरून उतरवताना बहुतेक वेळा छानच दिसते. त्याची खरी परीक्षा पुढच्या तासाभरात होते. पाहुणे एकेक करून येत असतात, गप्पा रंगत जातात, कोणी एक चिप बुडवून पुन्हा बोलण्यात गुंतते, कोणी उशिरा पोहोचून थेट वाडग्याकडे वळते, आणि या साऱ्या वेळात डिपवर साय धरते, कडेला पिवळसर तेलाचा तवंग जमतो, मधला भाग घट्ट होतो आणि चिप त्यात रुतून मोडते. पाहुण्यांसाठी केलेले डिप पहिल्या माणसाला जसे लागले तसेच शेवटच्या माणसालाही लागावे, ही माझ्या दृष्टीने या पदार्थाची मूळ अट आहे. ती अट घरच्या स्वयंपाकघरात हमखास पूर्ण करणारी एकच वस्तू मला आजवर सापडली आहे, ती म्हणजे खाद्य प्रतीचे सोडियम सायट्रेट. हे परीक्षण त्या वस्तूचे आहे, कोणत्याही एका कंपनीच्या पाकिटाचे नव्हे, कारण शुद्ध खाद्य प्रतीच्या मालात कंपनीगणिक फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो प्रमाणाने, चीजच्या निवडीने आणि मिरची केव्हा व कशी घातली याने.

सोडियम सायट्रेट हा सायट्रिक आम्लाचा, म्हणजे लिंबाला आंबटपणा देणाऱ्या आम्लाचा, सोडियमपासून बनलेला क्षार आहे. तो पांढऱ्या बारीक स्फटिकांच्या रूपात मिळतो, त्याला वास नसतो आणि जिभेवर ठेवल्यास तो खारट व किंचित आंबटसर लागतो. तयार खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत तो ई ३३१ या क्रमांकाने दिसतो, आणि चीज स्लाइसपासून शीतपेयांपर्यंत अनेक पदार्थांत आपण तो नकळत खात आलेलो असतो. विकत घेताना पाकिटावर ट्रायसोडियम सायट्रेट हे नाव आणि खाद्य प्रतीचा स्पष्ट उल्लेख, या दोन्ही गोष्टी असल्याची खात्री करून घ्यावी. प्रयोगशाळेसाठी किंवा साफसफाईसाठी विकला जाणारा माल स्वस्त दिसला तरी स्वयंपाकात वापरू नये.

ही भुकटी नेमके काय करते हे समजून घेतले, की पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतात. चीजमध्ये केसीन नावाच्या प्रथिनाचे जाळे असते, ते जाळे कॅल्शियममुळे एकत्र बांधलेले असते, आणि त्याच्या पोकळ्यांत स्निग्धांश व पाणी अडकलेले असते. नुसते चीज तापवले की स्निग्धांश आधी वितळतो, प्रथिनांचे जाळे आकसून पाणी बाहेर टाकते, आणि पातेल्यात एकीकडे तेल व दुसरीकडे चिवट गोळा अशी अवस्था होते, जिला आपण चीज फाटणे म्हणतो. सायट्रेट त्या जाळ्यातले कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेते आणि त्याच्या जागी सोडियम देते. बांधणी सैल झाल्यामुळे केसीन पाण्यात मोकळेपणी पसरते, आणि त्याचे एक टोक पाण्याला व दुसरे स्निग्धांशाला धरणारे असल्यामुळे तेच तेलाच्या थेंबांभोवती वेटोळे घालून त्यांना वेगळे होऊ देत नाही. म्हणजे डिप मिळून येते ते बाहेरून घातलेल्या कोणत्याही दाटपणा आणणाऱ्या पदार्थामुळे नव्हे, तर चीजच्याच प्रथिनामुळे. या वस्तूकडे माझा ओढा आहे तो मुख्यतः याच कारणाने, कारण चव चीजची राहते, पिठाची होत नाही.

ही युक्ती नवी नाही. १९११ साली स्वित्झर्लंडमधील थुन येथे वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर यांनी चीज दीर्घकाळ टिकावे म्हणून ते सोडियम सायट्रेटसह वितळवून पाहिले, आणि प्रक्रिया केलेल्या चीजचा उगम तिथे मानला जातो. अमेरिकेत चीज व्यावसायिक जेम्स क्राफ्ट यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट १९१६ साली मिळवले. त्यामुळे ज्यांना सायट्रेट हे नाव ऐकून कारखान्याचा वास येतो, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की डब्यातले प्रक्रिया केलेले चीज बनते ते याच किंवा याच्या जातीच्या क्षारांनी. घरी आपण तेच करतो, फक्त चीज कोणते हे आपण ठरवतो. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की रक्त गोठू नये म्हणून ते साठवताना जे सायट्रेट वापरतात, तेही हेच काम करते. रक्त गोठण्यासाठी कॅल्शियम लागते आणि सायट्रेट ते अडकवून ठेवते. १९१४ साली ब्रसेल्समध्ये डॉक्टर आल्बेर यूस्टँ यांनी सायट्रेट घातलेले रक्त रुग्णाला दिले होते.

आता इतर मार्गांशी तुलना करणे आवश्यक आहे, कारण केवळ एका डिपसाठी नवीन वस्तू घरात का आणावी हा प्रश्न रास्त आहे. सर्वांत परिचित मार्ग म्हणजे लोण्यात मैदा परतून, त्यात दूध घालून केलेला पांढरा सॉस आणि त्यात किसलेले चीज. हा सॉस सहसा फाटत नाही, पण मैदा चव झाकतो, नीट परतला नाही तर कच्चट लागतो, आणि थंड होऊ लागला की त्यातला स्टार्च घट्ट होऊन डिपचा लगदा होतो. दुसरा मार्ग कॉर्नफ्लोअर लावलेले चीज आटीव दुधात वितळवण्याचा. तो मैद्यापेक्षा निश्चित सरस आहे, चव बरीच मोकळी राहते, आणि घरात दुसरे काही नसेल तर मी निःसंकोचपणे हाच सुचवेन. मात्र पुन्हा गरम करताना त्यात बारीक कण जाणवू लागतात. तिसरा मार्ग प्रक्रिया केलेल्या चीजची वडी सरळ वितळवण्याचा. टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोकडच्या ‘चिले कॉन केसो’ या तिखट चीज डिपच्या घरगुती रूपात असे चीज दीर्घकाळ वापरले जात आले आहे, आणि गुळगुळीतपणात त्याला तोड नाही. त्याची मर्यादा चवीची आहे, कारण ती सौम्य आणि एकसुरी असते, आणि मिरचीपुढे चीज जवळजवळ नाहीसे होते. बाटलीतल्या तयार डिपबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यात चीजचा वाटा किती आहे हे घटकांच्या यादीतल्या क्रमावरून स्वतः पाहावे, म्हणजे निर्णय आपोआप होईल.

सायट्रेटचे प्रमाण हा या परीक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ३०० ग्रॅम चीजसाठी २७५ ते ३०० मिलिलिटर द्रव आणि ११ ग्रॅम सायट्रेट हे माझ्या मते पाहुण्यांसाठीच्या डिपचे योग्य माप आहे, आणि एवढ्यात आठ-दहा जणांचे भागते. चीजच्या वजनाच्या तुलनेत हे प्रमाण चार टक्क्यांच्या थोडे खाली येते. चमच्याने मापण्याच्या भरीस पडू नये, कारण स्फटिकांचा आकार बदलला की चमच्यात मावणारे वजनही बदलते, आणि इथे तीन-चार ग्रॅमचा फरक स्पष्ट जाणवतो. कमी पडले तर कडेने तेल सुटते, आणि जास्त झाले तर डिप चकाकते खरे, पण खारट व साबणासारखे बुळबुळीत लागते. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल वजनकाटा ही या वस्तूसोबतची अपरिहार्य गरज आहे, आणि तो घरात नसेल तर खरेदीचा विचार करताना तोही धरावा.

कृती साधी आहे. जाड बुडाच्या पातेल्यात द्रव घेऊन त्यात सायट्रेट पूर्ण विरघळू द्यावे, द्रवाला कडेने बारीक बुडबुडे येऊ लागले की आच मंद करावी आणि किसलेले चीज मूठ-मूठ घालत ढवळत राहावे. पहिल्या दोन-तीन मुठी घातल्यावर मिश्रण पातळ आणि पांढुरके दिसते, चीजचे धागे पाण्यात तरंगतात आणि हे कधी मिळून येईल असे वाटत नाही. निम्मे चीज जाते तेव्हा धागे विरघळू लागतात, रंग गडद होतो, आणि शेवटच्या मुठीनंतर चमचा उचलला की डिप तुटक न पडता सलग, रुंद पट्टीसारखे खाली सरकते व पातेल्यातल्या पृष्ठभागावर क्षणभर आपली खूण ठेवून त्यात मिसळून जाते. नेमका इतका दाटपणा हवा. या टप्प्यावर हँड ब्लेंडर अर्धा मिनिट फिरवला तर उरलेसुरले कणही जातात आणि पृष्ठभागाला आरशासारखी तकाकी येते. हाताने फेटूनही काम होते, पण ब्लेंडरने आलेला गुळगुळीतपणा हाताने येत नाही.

द्रव म्हणून दूधच हवे असे नाही, आणि ही या पद्धतीची मला सर्वांत आवडलेली मुभा आहे. मैद्याच्या सॉसला दुधाचा आधार लागतो, सायट्रेटला लागत नाही, त्यामुळे नुसते पाणी वापरले तरी डिप तितकेच मिळून येते, किंबहुना चीजची चव अधिक उठावदार लागते. भाज्यांचा स्टॉक वापरल्यास खोली येते. दुधाने गोडसर सौम्यता येते, आणि तिखट डिपमध्ये ती काही जणांना हवीहवीशी वाटते. ज्यांना दुधातली साखर पचत नाही अशा पाहुण्यांच्या दृष्टीने पाणी आणि मुरलेले चीज ही जोडी अधिक सोसवणारी ठरते, कारण मुरवलेल्या चीजमध्ये ती साखर फारच थोडी उरते. दुधाच्या प्रथिनांचीच ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी मात्र हा पदार्थ कोणत्याही रूपात नाही, हे आधीच विचारून घ्यावे. शाकाहारी पाहुणे असतील तर चीजच्या वेष्टनावर रेनेट, म्हणजे चीज बनवताना दूध गोठवणारा पदार्थ, कोणत्या प्रकारचे आहे तेही वाचावे, कारण काही चीज प्राण्यांपासून मिळणाऱ्या रेनेटने बनवलेले असते.

चीजची निवड करताना एक मोह आवरावा लागतो, तो म्हणजे सर्वांत जुने आणि सर्वांत उग्र चीज घेण्याचा. चीज मुरत जाते तसे त्यातले केसीन तुटत जाते, आणि तुटलेले केसीन तेलाला धरून ठेवण्यात कमजोर पडते. म्हणून दीर्घकाळ मुरवलेल्या चेडरचे डिप सायट्रेट घालूनही थोडे रवाळ राहते. दोन भाग सौम्य किंवा मध्यम चेडर आणि एक भाग अधिक मुरलेले चेडर किंवा गौडा, या मिश्रणात पोत आणि चव दोन्ही साधतात. मोझरेला अगदी थोडे असावे, नाहीतर तार सुटते आणि पाहुण्याच्या ताटलीपर्यंत धागा ओढला जातो. पनीर आणि फेटा या कामाचे नाहीत, कारण आम्लामुळे त्यांची घडण वेगळी असते आणि ते वितळत नाहीत. आधीच किसून पाकिटात भरलेले चीज टाळलेले बरे, कारण तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते आणि ती जिभेला जाणवते. चीज स्वतः किसण्याचे कष्ट इथे सत्कारणी लागतात.

आता तिखटपणाकडे वळतो, कारण सायट्रेटचे गुण तिखट डिपमध्येच सर्वाधिक दिसतात. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिनमुळे येतो, आणि कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. जे डिप फाटते त्यात तिखटपणा तेलासोबत वर तरंगतो, म्हणजे वरवर बुडवणाऱ्याच्या तोंडाला आग लागते आणि खोल बुडवणाऱ्याला काहीच लागत नाही. मिळून आलेल्या डिपमध्ये स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंब सर्वत्र सारखे पसरलेले असतात, आणि म्हणून तिखटही सर्वत्र सारखे लागते. याच कारणासाठी लाल तिखट किंवा चिरलेली मिरची आधी चमचाभर लोण्यात किंवा तेलात मंद आचेवर परतून घ्यावी आणि मग द्रव ओतावा. मिरचीचा रंग आणि तिखटपणा स्निग्धांशात उतरतो, खमंगपणा येतो आणि कच्चा वास जातो. पूड असेल तर तिला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ देऊ नये, कारण ती करपली की कडवटपणा अखेरपर्यंत जात नाही.

तिखटपणा किती ठेवावा याचा अंदाज घेताना दोन गोष्टी सोबत घ्याव्यात. पहिली अशी की चीजचे केसीन कॅप्सेसिनला बांधून ठेवते आणि त्याची धार कमी करते, दूध प्यायल्यावर तोंडाची आग शमते ती याचमुळे. त्यामुळे परतताना जी मिरची डोळ्यांत पाणी आणते, ती डिपमध्ये सौम्य भासते. दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. जिभेवरचे जे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे संवेदना टिपणारे रेणू, कॅप्सेसिन ओळखतात, तेच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णताही ओळखतात. टीआरपीव्ही१ नावाच्या या ग्राहकाचा शोध १९९७ साली लागला आणि त्या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. स्वयंपाकघराच्या भाषेत याचा अर्थ असा की तेच डिप गरम असताना अधिक तिखट आणि कोमट झाल्यावर कमी तिखट लागते. म्हणून चव पाहायची ती ज्या उष्णतेला पाहुणे खाणार आहेत त्या उष्णतेला. उकळत्या पातेल्यातून चमचा चाटून केलेला निर्णय जवळजवळ नेहमी तिखट कमी करण्याकडे झुकतो आणि वाडग्यात डिप मवाळ निघते.

मिरच्यांच्या तीव्रतेतला फरक फार मोठा आहे, आणि अमेरिकी औषधनिर्माते विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली मांडलेल्या तिखटपणाच्या मापाचा इथे खरोखर उपयोग होतो. हालापेन्यो मिरची त्या मापावर साधारण २,५०० ते ८,००० या पट्ट्यात येते, तर छोट्या तिखट बर्ड्स आय मिरच्या ५०,००० ते १,००,००० पर्यंत जातात. मिरचीचा तिखटपणा बियांमध्ये असतो हा समज चुकीचा आहे. तो बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्या शिरांत असतो, आणि चाकूच्या टोकाने तेवढ्या शिरा खरवडून काढल्या तर मिरचीची चव राखून तिखटपणा बराच उतरवता येतो. हालापेन्यो पिकवून, धूर देऊन वाळवली की तिला चिपोतले म्हणतात, आणि मला चीज डिपमध्ये इतर कुठल्याही मिरचीपेक्षा हिचा धुरकट सुगंध अधिक शोभून दिसतो. ताजी हिरवी मिरची परतलेलीही हवी आणि थोडी कच्ची, अगदी बारीक चिरून शेवटी घातलेलीही हवी, कारण पहिली गोडसर खोली देते आणि दुसरी ताजेपणा देते.

सर्वांना सारखे तिखट सोसत नाही, ही पाहुण्यांच्या बाबतीतली खरी अडचण आहे. यावर माझा ठाम कौल असा आहे की मूळ डिप मध्यम तिखट करावे आणि मिरचीचे तेल वेगळ्या छोट्या वाटीत ठेवावे. डिपच्या वर ते तेल ओतून ठेवणे शोभिवंत दिसते, पण पहिल्या चार जणांनंतर ते ढवळले जाते आणि मग कोणाच्या वाट्याला काय येईल हे सांगता येत नाही.

टोमॅटो, लिंबू आणि व्हिनेगरमधल्या मिरच्या यांच्याबाबत सावधगिरी हवी. सायट्रेट मिश्रणाचा आंबटपणा काही अंशी सांभाळून घेते, पण अमर्याद नाही. प्रक्रिया केलेले चीज साधारण ५.५ ते ५.९ पीएचच्या (आंबटपणाचे माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा अधिक) आसपास स्थिर राहते, आणि आम्ल वाढत गेले की केसीन पुन्हा एकत्र येऊन कण धरू लागते. टोमॅटो घालायचा असेल तर बिया व पाणी काढून, कांद्यासोबत कोरडा होईपर्यंत परतून घालावा. व्हिनेगरमधल्या मिरच्या कागदावर निथळून अगदी शेवटी घालाव्यात. लिंबू पिळायचेच असेल तर ते आपापल्या ताटलीत.

या वस्तूचे दोष सांगितल्याशिवाय परीक्षण प्रामाणिक होणार नाही, आणि त्यातला पहिला दोष गंभीर आहे. सायट्रेटमध्ये सोडियम भरपूर असते. बाजारात सामान्यतः मिळणाऱ्या रूपात त्याच्या वजनाचा सुमारे २३ टक्के भाग सोडियमचा असतो, म्हणजे ११ ग्रॅममध्ये अडीच ग्रॅमहून थोडे अधिक सोडियम येते, आणि तेवढे सोडियम साडेसहा ग्रॅम मिठातून मिळते. दहा जणांत वाटले तर प्रत्येकी सुमारे २६० मिलिग्रॅम, आणि चीजमधले सोडियम त्यात मिळवले की प्रत्येकी साडेचारशेच्या आसपास जाते. प्रौढ माणसाने दिवसभरात २,००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे गप्पा मारता मारता दिवसाचा पाचवा हिस्सा संपतो, आणि त्यात खारट चिप्स धरलेल्याच नाहीत. डिपमध्ये वरून मीठ मुळीच घालू नये, बुडवून खायला बिनमिठाच्या चिप्स, भाजलेला पाव, गाजर, काकडी आणि वाफवलेले बटाटे ठेवावेत, आणि ज्यांना रक्तदाबामुळे किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पथ्य आहे अशा पाहुण्यांना यात काय आहे ते आपणहून सांगावे. कोवळे चीज वापरले तर ८-९ ग्रॅम सायट्रेटही पुरते, आणि मी तिथून सुरुवात करण्याचा सल्ला देईन. तेल सुटताना दिसले तर थोडे आणखी विरघळवून घालता येते, घातलेले मात्र काढता येत नाही.

दुसरा दोष दिसण्याचा आहे. डिपची तकाकी काही जणांना कृत्रिम वाटते, आणि ज्यांना चीजची लांब तार आवडते त्यांची इथे निराशा होते, कारण सायट्रेट तार जवळजवळ संपवते. तिसरा दोष साठवणीचा. दमट हवेत स्फटिकांच्या गुठळ्या होतात. त्या विरघळतात, त्यामुळे काही बिघडत नाही, पण वजन करणे त्रासाचे होते.

घरात सायट्रेट नसेल आणि सायट्रिक आम्ल व खाण्याचा सोडा असेल, तर ते घरीच बनवता येते. वरच्या प्रमाणासाठी ७ ग्रॅम सायट्रिक आम्ल द्रवात विरघळवून त्यात ९ ग्रॅम सोडा थोडा थोडा घालावा. मिश्रण जोराने फसफसते, म्हणून पातेले मोठे असावे. फेस पूर्ण बसला आणि एक उकळी दिली की तयार झालेला द्रव हाच सायट्रेटचा द्रव असतो. उपाय खात्रीचा आहे, मात्र सोडा जरा जास्त झाला तर डिपला बेचव क्षारटपणा येतो, त्यामुळे वर्षातून एखाद्या वेळीच डिप करणाऱ्यांसाठी हे ठीक, नेहमी करणाऱ्यांनी तयार सायट्रेटच घ्यावे.

वाढण्याच्या बाबतीत या वस्तूने मला पूर्ण समाधान दिले आहे. गरम ठेवण्याची सोय असलेल्या छोट्या विजेच्या भांड्यात, किंवा गरम पाण्यात बसवलेल्या वाडग्यात, सायट्रेटचे डिप ६० अंशांच्या वर तासभर ठेवले तरी तेल सोडत नाही. वर पातळ साय येते ती केवळ पाणी उडाल्यामुळे, आणि झाकण ठेवले किंवा अधूनमधून चमचा फिरवला की तीही मिसळून जाते. दाट वाटले तर चमचाभर गरम पाणी पुरते. गरम ठेवण्याची सोय नसेल तर रुंद पसरट वाडगे टाळून खोल व जाड भांडे घ्यावे, आणि सगळे डिप एकदम न मांडता निम्मे पातेल्यात ठेवून मागाहून भर घालावी. ६० अंशांच्या खाली आलेले डिप दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, कारण त्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि बुडवून खाण्याच्या पदार्थात अनेकांचे हात लागलेले असतात.

उरलेले डिप फ्रिजमध्ये घट्ट वडीसारखे होते आणि तीन-चार दिवस चांगले राहते. मैद्याच्या किंवा कॉर्नफ्लोअरच्या डिपला जी गोष्ट साधत नाही ती इथे साधते, कारण थोड्या पाण्यासह मंद आचेवर ठेवले की ते पुन्हा पहिल्यासारखे गुळगुळीत होते. द्रव निम्म्याहून कमी घेऊन केलेले मिश्रण साच्यात थंड केले तर त्याच्या सँडविचसाठी वितळणाऱ्या चकत्याही कापता येतात, आणि त्या आपल्या आवडीच्या चीजच्या असतात.

खरेदी करताना लहान पाकीट घ्यावे, कारण एका वेळी लागणारे प्रमाण थोडे असते. हवाबंद काचेच्या बरणीत भरून तिच्यावर नाव ठळक लिहावे, आणि सायट्रिक आम्लाच्या बरणीपासून ती दूर ठेवावी. दोन्ही दिसायला सारखी असतात, आणि चीजमध्ये चुकून आम्ल पडले तर ते डिप कोणत्याही उपायाने सावरत नाही.